पंचनाम्यानंतर



२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. आदल्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरली. माणसे दगावली. सरकारने घरटी १० हजार आणि दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली, पंचनामे झाले.

त्या मदतीला आम्ही नावे ठेवत नाही. चूल पुन्हा पेटायला रोकड लागतेच. पण गाळ उपसला की फाइल मिटते आणि खरे नुकसान तिथून पुढे कळू लागते. भिंती ओल सोडत नाहीत. बुडालेल्या मालाचे हप्ते फिटत नाहीत. पाऊस लागला की म्हातारी माणसे रात्री उठून रस्त्यावरचे पाणी पाहतात. अंबाझरीच्या धरणाच्या सुरक्षिततेसाठी तर रहिवाशांनाच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली.

आपल्याच जिल्ह्यातल्या मोवाडने हे फार आधी भोगले. ३० जुलै १९९१ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातल्या या गावाची २०४ माणसे नेली. घर बांधून देता येते. शेजार, उधारीवर माल देणारा दुकानदार, बाजाराचा दिवस हे सारे पुन्हा जमायला पिढी जाते. दोन वर्षांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर जागतिक बँकेचे कर्ज घेऊन राज्याने ५२ गावे नव्या जागी वसवली. ते काम वर्षानुवर्षे चालले. म्हणजे मनात आणले तर सरकारला लांब पल्ल्याचे काम जमते.

पैशाची सोयही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला ३० टक्के वाटा सावरण्यासाठी आणि पुनर्बांधणीसाठीच राखून ठेवला. आमचे मागणे साधे आहे. नागनदीकाठच्या वस्त्यांसाठी निदान पाच वर्षांचा कार्यक्रम आखावा आणि दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचा हिशेब अधिकाऱ्यांनी वस्तीत येऊन मांडावा.

आणि तुम्हालाही एक विनंती. त्या रात्रीच्या पाण्याची खूण घराच्या भिंतीवर अजून असेल, तर दिवाळीच्या रंगकामात ती पुसू नका. तिच्या शेजारी तारीख लिहून ठेवा.