मुलांना चंदीगड दाखवा, आणि आजोबांचं नेरूळसुद्धा



मागच्या आठवड्यात ग्रुपवर एका आईने विचारलं होतं, "चार आठवडे भारतात जातोय, मुलांना काय दाखवू?" भराभर उत्तरं आली. रायगड, शनिवारवाडा, महाबळेश्वर, वॉटर पार्क, मॉल. मी लिहिलं, चंदीगड. त्यावर एका दादांची कॉमेंट: "तिथे काय आहे? सिमेंट! आखीवरेखीव शहर बघायला भारतात कशाला जायचं, ते तर इथे दाराबाहेर आहे." हसण्याचे इमोजी भरपूर पडले. तिथे वाद घालत बसले नाही, इथे उत्तर देते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपण मुलांना जो भारत दाखवतो तो एकतर तीनशे वर्षांपूर्वीचा असतो, नाहीतर आजीच्या स्वयंपाकघरातला. मधला भारत, म्हणजे 1947 नंतर लोकांनी बसून, आखून, पैसे जमवून उभा केलेला, तो आपण सरळ गाळतो. वर परत आल्यावर खड्डे, हॉर्न आणि रांगेत घुसणारे काका यांच्या गोष्टी त्यांच्यासमोरच चवीने सांगतो. मग मूल आपली बेरीज करतं: जुनं आणि गोंधळ भारताचा, नवं आणि शिस्त जर्मनीची.

मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. नाताळच्या सुट्टीत आम्ही चंदीगडला गेलो. धुकं होतं, कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये गाइडच्या मागे चालत होतो, आणि विधानसभेच्या इमारतीसमोर माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, हे जर्मन लोकांनी बांधलं का?" मला राग आला, पण कोणावर काढणार? हे तिला गार्चिंगच्या शाळेने शिकवलेलं नाही. ती हे आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकली.

तर तिला जे सांगितलं ते इथेही सांगते. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पंजाबला राजधानीच उरली नाही. लाखो निर्वासित दारात, तिजोरीत खडखडाट, अशा वेळी नवं शहर काढायचं ठरलं. पहिला आराखडा अमेरिकन अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी 1950 मध्ये विमान अपघातात गेले, आणि 1951 मध्ये काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं. ते जन्माने स्विस, नंतर फ्रेंच नागरिक. म्हणजे लेकीचा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता, कागदावरची मुख्य रेघ परदेशी माणसाची आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण ते वर्षातून काही आठवडेच तिथे येत. रोजचं काम त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू, आणि तरुण भारतीय वास्तुविशारदांनी केलं: युली चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा. 1965 मध्ये जानरे गेल्यावर मुख्य वास्तुविशारद झाले ते शर्मा. मुली असलेल्यांनी युली चौधरींचं नाव जरूर लक्षात ठेवा. 1950 च्या दशकात एक भारतीय बाई राजधानी आखणाऱ्या टीममध्ये होती!

आणि दादा, सिमेंट म्हणालात ना? त्याच सिमेंटला 2016 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. त्याच यादीत आपल्या स्टुटगार्टची वाइसेनहोफ वसाहतीतली दोन घरंही आहेत. ती बघायला आपण शनिवारी तीन तास गाडी चालवत जातो आणि मुलांना "आर्किटेक्चर" म्हणून दाखवतो. गार्चिंगच्या बोधचिन्हावर तर 1957 ची अणुभट्टी आहे, ते 'अणूचं अंडं'. शाळा मुलांना ते कौतुकाने दाखवते. त्याच दशकात चंदीगडचं हायकोर्ट उभं राहिलं, ते मात्र सिमेंट?

आता दुसरी बाजू. मी हिशेब तपासणारी बाई. ऑडिटमध्ये वहीत काय लिहिलंय तेवढं बघून भागत नाही, गोदामात जाऊन माल मोजावा लागतो. आखलेलं शहर मुलांना दाखवायला यासाठीच उत्तम: वही छापलेली आहे, माल समोर आहे. शहर पाच लाखांसाठी आखलं, 2011 च्या जनगणनेत दहा लाखांवर माणसं. सरकारी घरं पगाराच्या श्रेणीनुसार, मंत्र्यापासून शिपायापर्यंत. शिपायालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळालं हे जमेला धरा, पण ज्या मजुरांनी हे सगळं बांधलं ते झोपड्यांत राहिले. विधानसभा आणि हायकोर्टाच्या मधलं ते भव्य मैदान लोकांसाठी होतं, आज ओळखपत्र दाखवून गाइडसोबतच जाता येतं. आणि सगळ्यात जास्त गर्दी कुठे? रॉक गार्डनमध्ये, जी नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या कपबशा आणि भंगार गोळा करून, आराखड्यात नसताना, वर्षानुवर्षं चोरून उभारली. लेकीला तेच जास्त आवडलं. मलाही.

परतताना तिने विचारलं, "सेक्टर म्हणजे आजोबांच्या पत्त्यात असतं तसंच?"

अगदी तसंच. माझे सासरे नेरूळला सिडकोच्या घरात राहतात. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आईबाबा वाशी, नेरूळ, बेलापूरला आहेत, आणि आपण तिथे फक्त जेट लॅग काढायला जातो. ही आपली न झालेली राजधानी आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं, 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. राज्यकारभाराची कचेरी तिकडे हलली की माणसं मागोमाग येतील, हा हिशेब होता. मंत्रालय हललंच नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टॉवर चढले.

जमीन मात्र गेली. 95 गावांची, आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. ज्यांचं नाव विमानतळाला द्या म्हणून मोर्चे निघाले ते दि. बा. पाटील याच लढ्याचे नेते. हे सगळं आजोबांच्या घरापासून तासाभराच्या आत आहे, आणि आपल्या किती मुलांना माहीत आहे?

"भारतात प्लॅनिंगच नाही" हे वाक्य म्हणूनच मला आळशीपणाचं वाटतं. ते बोललं की काही वाचावं लागत नाही, कोणी आखलं, कोणी रोखलं, कोणाची जमीन गेली हे विचारावं लागत नाही. शिवाय आपण देश सोडला ते बरोबरच केलं, असं स्वतःलाच एकदा सांगून होतं.

चंदीगडला जाणार असाल तर कॅपिटॉलसाठी मुलांचे पासपोर्ट जवळ ठेवा आणि आधी वेळ विचारून घ्या. आमचं पुढच्या खेपेचं ठरलंय: बेलापूरला कोरियांचं आर्टिस्ट व्हिलेज, मग जासई. लेकीने सिडकोचा नकाशा छापून घेतलाय. परवा तिने आजोबांना फोनवर विचारलं, "तुमच्या बिल्डिंगच्या जागी आधी कोणाचं शेत होतं?" तीस वर्षं तिथे राहून त्यांना माहीत नव्हतं. आता ते खालच्या दुकानदाराला विचारणार आहेत, तो तिथल्या गावातलाच आहे म्हणे.