धूर, धुके आणि निवेदकाची जागा

चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) ज्या ज्या वर्गात शिकवली जाते, त्या त्या वर्गात तिच्या प्रारंभीच्या धुक्याचा एकच अर्थ सांगितला जातो : हे धुके म्हणजे चॅन्सरी न्यायालयाच्या अनाकलनीय, पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणाऱ्या कारभाराचे प्रतीक. विद्यार्थी असताना आम्ही हेच लिहून गुण मिळवले आणि शिक्षक झाल्यावर याच उत्तराला गुण दिले. हा अर्थ चुकीचा आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण त्या पानावर धुके अवतरण्याआधी धुराड्यांतून खाली उतरणारा धूर आणि काजळी येते. तिच्यापाशी आम्ही कधी थांबलो नाही. प्रतीक हाती लागताच वस्तू टाकून द्यावयाची, ही आपल्या अध्यापनाची जुनी खोड आहे. धुराच्या बाबतीत तरी ती आता सोडावी, असे आमचे मत झाले आहे.

धुराविषयीची आपली समजूत न्यायशास्त्राच्या उदाहरणावर पोसलेली आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. नैयायिक सावध होते. जेथे अग्नी तेथे धूर, असे ते म्हणत नाहीत. तापलेल्या लोहगोलकात अग्नी असून धूर नसतो, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. बाष्पाला धूर समजून केलेले अनुमान सदोष ठरते, हेही आपल्या तर्कपरंपरेला ठाऊक होते. मात्र धूर आणि अग्नी एकाच डोंगरावर असणार, हे या उदाहरणात गृहीत आहे. ज्वलनातून निघणाऱ्या द्रव्यांचा आजवर झालेला अभ्यास नेमके हे गृहीतक मोडतो.

डिकन्सनंतर बरोबर शंभर वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत, लंडनवर जे पसरले ते धूर होते की बाष्प? दोन्ही. (इंग्रजीने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्मॉग’ हा जोडशब्द घडवला, आपल्या ‘धुरक्या’ची घडणही तशीच.) थंडी कडाक्याची होती, घरोघर कोळसा जळत होता, आणि वर उबदार हवेचे झाकण बसल्याने खालची गार हवा जागची हलेना. मृत्यूंचा तत्कालीन अंदाज सुमारे ४,००० होता. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,०००च्या आसपास नेला. ही माणसे केवळ काजळीने गेली नाहीत. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो. तो धुक्याच्या थेंबांत विरघळून सल्फ्युरिक आम्ल बनतो, आणि कोळशाच्याच ज्वलनातून आलेला नायट्रोजन डायऑक्साइड या कामी हातभार लावतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. थेंब मोठा असेतो आम्ल पातळ राहते. थेंब सुकला की मागे उरतो तीव्र आम्लाचा सूक्ष्म कण. म्हणजे चुलाण्यातून निघाले ते एक, आणि छातीत गेले ते दुसरेच!

हे रूपांतर नजरेला दिसत नाही. गाडीच्या धुराड्यातून आज काळा लोट निघत नाही म्हणून आपण निश्चिंत होतो; परंतु निघालेले अदृश्य वायू वाटेत ऑक्सिजनशी संयोग पावतात, शेणखतातून वा युरियातून उठलेल्या अमोनियाला भेटतात, आणि हवेतच नवे कण जन्मतात. शहराची वाहने आणि गावाचे शेत यांचे हे अपत्य केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही बारीक असते. पाऊस नसेल तर ते आठवडाभर हवेत राहून शेकडो मैल जाऊ शकते. अनुमान करणाऱ्याने आता डोंगर कोणता मानावयाचा?

ही वाट शास्त्रज्ञांच्या आधी एका नाटककाराला दिसली होती. हेन्रिक इब्सेनच्या ‘ब्रांड’मध्ये (१८६६) ब्रिटनच्या कोळशाचा धूर नॉर्वेच्या भूमीवर उतरून तिला काळवंडत असल्याचे चित्र येते. समीक्षेने त्यालाही औद्योगिक युगाच्या भौतिकतेचे रूपक ठरवले. पुढे १९५६ च्या कायद्याने लंडनच्या घरांतील धूर आटोक्यात आला, वीजकेंद्रांची धुराडी उंचच उंच झाली, शहराची हवा निवळली; आणि स्वान्टे ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सांगितले की आमच्या पावसातले आम्ल परदेशांतून येते. इब्सेनला रसायन ठाऊक नव्हते. पण धूर समुद्र ओलांडतो एवढे त्याने शब्दशः घेतले होते, आणि आपण ते शब्दशः घेतले नाही.

आता घराकडे येऊ. मराठी ग्रामीण कथेत सांजवेळी कौलांतून वर चढणारा धूर किती वेळा आला असेल! तो आला की गाव परतले, चूल पेटली, सारे क्षेमकुशल आहे, असे वाचकाने समजावयाचे. हे वर्णन करणारा निवेदक बहुधा पांदीवर किंवा टेकाडावर उभा असतो. कौलांच्या खाली, फुंकणी हातात घेऊन ओल्या लाकडाशी झगडणारी बाई त्याच्या दृष्टिकोनात बसत नाही. कर्क स्मिथ या संशोधकाने १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील हवा मोजली. पुढे त्याने एक ठोकताळा मांडला : घरात सोडलेला प्रदूषक बाहेर सोडलेल्यापेक्षा सुमारे हजारपट अधिक प्रमाणात माणसाच्या फुप्फुसात पोचतो. किती धूर निघाला यापेक्षा तो निघाला तेव्हा कोण किती जवळ होते, हा प्रश्न मोठा. आपल्या शास्त्रात याला निवेदकाचे स्थान म्हणतात. त्यांच्या शास्त्रात ‘एक्स्पोजर’. दोन्ही विद्याशाखांनी एकमेकींकडे एवढी पाठ का फिरवावी, हे आम्हांस उमगत नाही.

कोणी म्हणेल, अशाने साहित्याचा तास विज्ञानाचा होईल. होऊ नये, हे मान्य. आम्ही प्रतीक नाकारत नाही. चॅन्सरीचे धुके लोकांच्या छातीत खरोखर शिरत होते, हे कळल्यावर ते प्रतीक अधिक जड होते, एवढेच आमचे म्हणणे.

मागे आमच्यातील एकीने पदवीच्या वर्गात असाच एक कौलांवरच्या धुराचा उतारा वाचून दाखवला आणि विचारले, या चित्रात कोण दिसत नाही? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, आमच्याकडं गॅस आहे,” ती म्हणाली, “पण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. आंघोळीचं पाणी आन् भाकरी आई अजून चुलीवरच करती. मी अभ्यासाला तिच्याजवळच बसते, तिथं ऊब असती म्हणून.”