कुलूपबंद घरे, निराधार माणसे

एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरातील आम्हां सर्वांस हे ठाऊक आहे, की नोकरी संपली म्हणजे क्वार्टर सोडावे लागते. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला तर बहुधा तेही येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारी तज्ज्ञगटाने शहरी घरांची तूट सुमारे १.८८ कोटी सांगितली. घरे आहेत, पण गरजूंच्या हाती किल्ली नाही.

छपराविना शिक्षण टिकत नाही, हे जाणूनच डॉ. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. आपली निवासी शाळा त्याच विचाराची वारस आहे. म्हणून आमचे आग्रहाचे मत असे, की रिकामी सरकारी निवासस्थाने विद्यार्थ्यांना व कष्टकऱ्यांना लेखी कराराने, रास्त भाड्यात द्यावीत. करुणेला कृतीची जोड हवी.