ध चा मा

ध चा मा आनंदीबाईनं केला म्हणतात. दोस्तहो, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की खरं का खोटं हे विचारायचंच राहून गेलं. काकानं चिठ्ठी लिहिली, 'नारायणरावास धरावे'. बाईनं ध खोडला, मा केला. 'मारावे'. झालं! एका अक्षरात खुनाचा निकाल लागला. काका बिचारा. त्याला फक्त धरायचं होतं.

आयला, फक्त धरायचं होतं!

मी दहावी पास माणूस. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं माल चढवतो-उतरवतो. रविवार जोडून सुट्टी मिळाली की पुण्यात घरी येतो. इतिहासाचा प्रोफेसर नाही. पण हुकूम कुठून सुटतो आणि कुणाच्या टाळक्यावर येऊन पडतो, हे रोज बघतो. त्या अकलेनं ही चिठ्ठी वाचू. समजा मा झालाच नाही. ध ठणठणीत आहे. तरी चिठ्ठीत उरतं काय? गादीवर बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला त्याच्याच वाड्यात, त्याच्याच चाकरीतल्या शिपायांकडून धरावे. कशासाठी? काकाला गादीवर बसता यावं म्हणून. दरोडा तर ध मध्येच आहे. धरून आणलेल्या पेशव्याचं पुढं काय करतात, हे न कळण्याएवढा राघोबा दुधखुळा नव्हता. अटकेपर्यंत फौज घेऊन गेलेला सरदार तो. 'राघोभरारी' म्हणून अजून पोवाडे लावता ना त्याचे? मग एका चिठ्ठीपुरता तो भोळा कसा झाला?

अन् ही त्याची पहिली खेप नव्हती. १७६१ ला पानिपत झालं, नानासाहेब पेशवा गेला, सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला. दुसऱ्याच साली, १७६२ ला, ह्या काकानं निजामाची मदत घेऊन आळेगावला पुतण्याला नमवलं आणि कारभार हातात घेतला. पुढं १७६८ ला धोडपच्या लढाईत माधवरावानं त्याला पकडून शनवारवाड्यात कोंडला. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला क्षयानं मेला. धाकटा नारायणराव आला. काकानं पुन्हा हातपाय हलवले, पुन्हा नजरकैदेत पडला. म्हणजे बारा वर्षं गादीवर डोळा ठेवून बसलेला माणूस. त्याची बायको एक अक्षर खोडते आणि तेवढ्यानं सगळं पाप तिच्या पदरात! नाटकवाल्यांनी तेच केलं, सिनेमावाल्यांनी तेच. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' घ्या नाहीतर १९४४ चा प्रभातचा 'रामशास्त्री' घ्या. बाई काळी, काका कमकुवत. ती साव होती असं मी म्हणत नाही. गादी तिलाही हवी होती. पण ती चिठ्ठी कागदापेक्षा तोंडातोंडीच जास्त फिरली, आणि सांगणारे सगळे पुरुष.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे शेवटचे दिवस. दुपारची वेळ. गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद यूसुफ हे त्यांचे म्होरके. वरकरणी बोंब थकलेल्या पगाराची. (पगार थकला होता, हे मी सहज मानतो. पगार थकवणं ही ह्या देशातली जुनी राज्यपद्धती आहे.) नारायणराव पळत काकाच्या खोलीत गेला, कमरेला मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या खिजमतगारानं त्याला ओढला. चापाजी टिळेकर नावाचा नोकर त्याच्या अंगावर आडवा पडला. दोघांना एकत्रच कापलं.

आता ध-मा वाल्यांना माझा एकच सवाल. चिठ्ठी बदलली, काका फसला, पुतण्या डोळ्यांदेखत कापला गेला. फसलेला माणूस पुढं काय करील? कापणाऱ्यांना साखळदंड घालील. ह्यानं त्यांचा हिशेब चुकता केला. बोलीचे पैसे दिले. आणि स्वतःच्या नावाची द्वाही फिरवून पेशवाईच्या वस्त्रांसाठी साताऱ्याला माणूस धाडला. सकाळचा कैदी संध्याकाळी मालक.

वस्त्रं आली. देणारा कोण, तर साताऱ्याचा छत्रपती रामराजा. नावाला राजा, गत कैद्याची. १७४९ ला शाहू मेल्यावर ह्याच घराण्यानं, राघोबाच्या थोरल्या भावानं, नानासाहेबानं, १७५० च्या सांगोल्याच्या करारानं सगळा कारभार साताऱ्याहून पुण्याला ओढून आणला होता. म्हणजे राघोबानं जी गादी चोरली ती मुळात चोरीचीच. पहिल्या चोरीला मुत्सद्देगिरी म्हणायचं, दुसरीला भाऊबंदकी.

रद्दीवाल्याकडं किलोच्या भावानं घेतलेलं जगाच्या इतिहासाचं एक पुस्तक माझ्याकडं आहे. त्यात रोमच्या पूर्वेकडच्या बादशाहीचं प्रकरण आहे, बायझंटाइन म्हणतात ती. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. ते वाचताना मला सारखा शनवारवाडा दिसायला लागला. तिथं सेनापतीनं फौजेच्या जोरावर बादशहा व्हायचं, ही रीतच. ८२० साली पाचवा लिओ, हाही तसाच सेनापतीचा बादशहा झालेला, नाताळच्या पहाटे प्रार्थनेत कापला गेला. त्यानं मायकेल नावाच्या सरदाराला मारायचं ठरवून कैदेत ठेवलं होतं. कटवाल्यांनी तोच बाहेर काढून तख्तावर बसवला. पायातली बेडी तोडायलाही वेळ नव्हता. बेडीसकट बादशहा!

पण खरी गंमत पुढच्या दीडशे वर्षांनंतरची. निकेफोरस फोकस नावाचा सेनापती ९६३ साली फौजेनं बादशहा केला. जुन्या बादशहाची विधवा थिओफानो, तिच्याशी त्यानं लग्न केलं. ९६९ च्या डिसेंबरात त्याच्या सख्ख्या भाच्यानं, जॉन त्झिमिस्केस ह्या सरदारानं, त्याला झोपायच्या खोलीत मारलं. तिकडं भाच्यानं मामा कापला, इकडं काकानं पुतण्या. बादशहाची बायको कटात सामील. रात्र बर्फाची. त्झिमिस्केस होडीतून महालाच्या भिंतीखाली आला आणि त्याला टोपलीत बसवून दोरानं वर ओढून घेतला.

इथं मी पुस्तक मिटून बसलो. आमचं कामच ते. खालून वर, वरून खाली. दोर कुणी ओढला? पुस्तकात नाव नाही. टोपलीतल्याचं नाव आहे, तो बादशहा झाला. ओढणाऱ्यांच्या हाताला फोड आले असतील, त्याची नोंद कोण ठेवतो.

सकाळी त्झिमिस्केस मुकुट घालायला गेला तर तिथला मुख्य धर्मगुरू आडवा आला. पॉलिएक्टस त्याचं नाव. म्हाताऱ्यानं अटी घातल्या. ती बाई महालातून घालव. मारेकऱ्यांची नावं सांग. आपली मालमत्ता वाटून टाक. त्झिमिस्केसनं काय केलं? बाई बेटावर हद्दपार. साथीदारांची नावं सांगून टाकली, तेही हद्दपार. दानधर्म केला. आणि नाताळच्या दिवशी, खून होऊन पुरते पंधरा दिवस झाले नव्हते, मुकुट डोक्यावर! बाई पापी, हाताखालचे पापी, आणि ज्याच्यासाठी सगळं झालं तो स्वच्छ. पुढं इतिहासात त्याचं नाव शूर बादशहा म्हणून. म्हणजे ध चा मा ही काय आपल्या पुण्याचीच अक्कल नाही. आठशे वर्षं आधी, ग्रीक बोलणाऱ्यांनी केलेली आहे.

आमच्याकडं गेल्या पावसाळ्यात एक प्रकार झाला. बोटीतून लोखंडी कॉइल काढत होते. स्लिंग झिजलेली. बांधणारा पोरगा, माझ्याच वयाचा, ओरडला की दुसरी द्या. वरून सुपरवायझर म्हणाला, उचल. मी दहा हातांवर उभा, माझ्या कानांनी ऐकलं, उचल. कॉइल सुटली. नशीब म्हणा, त्याचा पायच गेला, जीव राहिला. चौकशी झाली. कागदावर काय आलं? सुपरवायझरनं 'थांब' म्हटलं होतं, कामगारानं निष्काळजीपणानं हूक अडकवला. उचल चा थांब! आम्ही चौघं साक्षीला गेलो तर विचारलं, तुमचे पास कुणाच्या सहीनं निघतात? सही सुपरवायझरची. चौघांतला एक जण त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, कारण मी तरीही बोललो आणि तो बोलला नाही. माझा पास नंतर दोन महिने निघाला नाही. असो. सांगायचा मुद्दा, चिठ्ठीतलं अक्षर कोण बदलतं हे मला आनंदीबाईला न भेटता कळतं.

रामशास्त्र्यांना विसरलो नाही. तो माणूस राघोबाच्या तोंडावर बोलला, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, न्यायाधीशपद सोडून वाईकडं निघून गेला. पुणं अळीमिळी गुपचिळी करून बसलेलं असताना एक माणूस बोलला. त्याला आपला नमस्कार, खुल्या दिलानं. पण शब्द बघा. प्रायश्चित्त. शिक्षा नाही. त्या राज्यात ब्राह्मणाला देहदंड नव्हता. त्यानं प्रायश्चित्त घ्यायचं, ते त्याच्या मर्जीनं. राघोबानं घेतलं नाही. विषय संपला.

गारद्यांना कुणी प्रायश्चित्त विचारलं नाही. बारभाईंनी राघोबाविरुद्ध कट केला, नारायणरावाची गरोदर बायको गंगाबाई पुरंदरावर नेली, १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, चाळीस दिवसांच्या पोराच्या नावानं वस्त्रं आणली. कारभार अर्थात नाना फडणिसाचा. मग गारद्यांचा शोध. महंमद यूसुफ पकडून मारला. सुमेरसिंग दूर पाटण्याला मेला. खरगसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या मुलखात पळाले होते, त्यानं ते धरून दिले, त्यांनाही मारलं. माझी ह्यांच्याबद्दल तक्रार नाही. सुपारी घेऊन निःशस्त्र पोर कापणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण काकाचं काय झालं?

काका इंग्रजांकडं गेला. १७७५ चा सुरतेचा तह. गादी मिळवून द्या, साष्टी घ्या, वसई घ्या. जी वसई चिमाजीअप्पानं, म्हणजे ह्याच्याच चुलत्यानं, १७३९ ला माणसं खर्ची घालून पोर्तुगिजांकडून जिंकली होती ती. सात वर्षं लढाई चालली. शेवटी १७८२ ला सालबाईचा तह झाला आणि राघोबाला पेन्शन ठरली. दरमहा पंचवीस हजार रुपये. सालाचे तीन लाख! पुढच्या वर्षी कोपरगावात अंथरुणावर मेला. बाई मात्र नजरकैदेत राहून १७९४ ला मेली. त्यांचा पोरगा दुसरा बाजीराव १७९६ ला त्याच गादीवर बसला. ह्याच्याच पेशवाईत अस्पृश्याला पुण्यात सावलीचीही चोरी होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याच साली तो इंग्रजांना शरण गेला आणि त्यालाही पेन्शन. सालाचे आठ लाख, बिठूरला, गंगेकाठी. बापाला तीन, पोराला आठ. गारदी मेले. गारदी हा शब्द मराठीत शिवी होऊन बसला. त्याच नावाचा इब्राहिमखान गारदी १७६१ ला पानिपतावर ह्याच पेशव्यांसाठी मेला होता, तो शिवीत कुठंच नाही.

गेल्या महिन्यात शनवारवाड्यात गेलो होतो. तिकीट काढून. एक गाईड पंधरा-वीस माणसांना सांगत होता, अमावास्येला इथं हाक ऐकू येते, 'काका मला वाचवा'. पोरी अंगावर काटा आणून मोबाईलमध्ये शूटिंग करत होत्या. मी मागं उभा राहून ऐकलं. मग नारायण दरवाजा दाखवला. ह्याच दारातून प्रेत बाहेर नेलं म्हणून हे नाव. त्याआधी त्याचं नाव जांभूळ दरवाजा, कुणबिणी आणि कलावंतिणी ह्याच दारानं ये-जा करायच्या.

कुणबीण म्हणजे कोण हे माहीत नसेल तर सांगतो. विकत घेतलेली बाई. वाड्यात दळणारी, झाडणारी, जनावरांचं शेण काढणारी. तिची विक्री व्हायची, तिचं पोर जन्मलं तर तेही मालकाचं. त्या दुपारी वाड्यात एकटा नारायणराव मेला नाही. ब्राह्मण मेले, मराठा नोकर मेले, एक गाय मेली. आणि दोन कुणबिणी मेल्या. ब्रह्महत्या झाली म्हणून शहर हळहळलं. गोहत्या झाली म्हणूनही हळहळलं. पेशव्याचं नाव तर दाराला मिळालं. दार ज्या बायकांचं होतं त्यांतल्याच दोघी मेल्या आणि दाराचं नाव बदलून त्याला दिलं!

मी गाईडला विचारलं, त्या दोघींची नावं काय? तो म्हणाला, कोणत्या दोघी? सांगितलं. त्यानं घड्याळात बघितलं आणि माणसं घेऊन कारंज्याकडं गेला.

पुण्यातल्या दोस्तांनो, तुमच्यातली काही पोरं-पोरी आता मोडी शिकलीत. पेशवे दफ्तर तुमच्या शहरात आहे, कौन्सिल हॉलशेजारी. कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद त्यात आहेत. १७७३ च्या भाद्रपदातल्या खर्चाच्या नोंदी काढून बघा. दोन बायका कमी झाल्या म्हणजे कुठंतरी कुणीतरी हिशेबातून दोन डोकी वजा केली असतील, आणि वजा करताना नाव लिहिलं असेल. मिळालं तर ह्या अंकाच्या पत्त्यावर कळवा. पोस्टकार्ड चालेल.