परसबागेत बी केव्हा टाकावे?



मृग नक्षत्र जवळ आले की घरोघरी मिरची-वांग्याच्या बियांच्या पुरचुंड्या बाहेर निघतात, आणि शेजारच्या घरी वाफा झाला म्हणून आपणही त्याच दिवशी बी टाकावे, अशी घाई सुरू होते. ही घाई महागात पडते. बियांचा पैसा जातोच. परंतु हुकलेला हंगाम पैसे मोजूनही परत मिळत नाही, आणि पुढे कित्येक महिने मुलांच्या ताटातील भाजी बाजारातून विकत आणावी लागते.

एकट्या बेळगाव जिल्ह्याचेच पाहा. पश्चिमेस खानापूर-कणकुंबीकडे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. बेळगाव शहराच्या आसपास वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर. आणि पूर्वेस अथणीकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग तिन्हीकडे एकच तारीख कशी चालावी?

याकरिता तारीख उलट बाजूने मोजावी. आपल्या गावी जमीन भिजून रोप लावण्याजोगी केव्हा होते, हे प्रथम ठरवावे, आणि त्यातून रोपाचे वय वजा करावे. मिरचीचे रोप सुमारे ४० दिवसांचे, वांग्याचे ३५ दिवसांचे, तर टोमॅटोचे २५ दिवसांचे झाले म्हणजे लावणीस योग्य होते. बेळगावनजीक २० जूनला लावणी करावयाची असल्यास मिरचीचे बी ११ मे, वांग्याचे १६ मे आणि टोमॅटोचे २६ मेच्या सुमारास टाकावे. अथणीकडे सप्टेंबरचा पाऊस हाच मोठा आधार असल्याने तेथे लावणी व वाफा दोन्ही मागे सरकतात. खानापूरच्या पश्चिमेस व गोव्यात जुलैच्या झडीत कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात; तेथे मिरची-टोमॅटो पाऊस ओसरल्यावर घेणेच शहाणपणाचे. कोठेही असो, वाफा वीतभर उंच असावा आणि बी विरळ पेरावे.

भेंडी, गवार, काकडी, दोडका यांची रोपे उपटून लावू नयेत. जमीन वीतभर खोल ओली झाल्यावर त्यांचे बी जागेवरच टोकावे. वळवाच्या एका सरीने भुलू नये; वरची माती भिजते, बी फुगते आणि पुढील उघडिपीत वाळून जाते.

आता केवळ नक्षत्रावरही विसंबता येत नाही. मोसमी पाऊस केरळात येण्याची नेहमीची तारीख १ जून; परंतु २०२३ साली तो ८ जूनला आला, तर २०२५ साली २४ मे रोजीच येऊन ठेपला. म्हणून सर्व बी एकदम टाकू नये. निम्मे आधी टाकावे आणि निम्मे दहा दिवसांनी. एक वाफा फसला, तरी दुसरा हाती राहतो.

कोबी व फुलकोबी यांस थंडी मानवते. बेळगावकडे पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास त्यांचा वाफा करावा. गोव्याकडे पाऊस थांबण्याची वाट पाहून ऑक्टोबरात करावा.

शेवटी एक विनंती. घरातील लिहिणाऱ्या मुलाकडे एक वही सोपवा. बी कोणत्या दिवशी टाकले, उगवले केव्हा, पहिला भिजपाऊस केव्हा झाला आणि लावणी केव्हा केली, एवढेच तीत लिहावे. तीन-चार वर्षांत ती वही तुमच्या परसाचे पंचांग होईल, आणि मग शेजारच्या वाफ्याकडे पाहण्याची गरज उरणार नाही.