गेलं तेल लावत!

सध्या आमच्या मजल्यावर दर चौथ्या डेस्कवर एक छोटी, काळपट काचेची बाटली दिसते. कुणाकडे लॅव्हेंडर, कुणाकडे पेपरमिंट, कुणाकडे लेमनग्रास. (लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच हो. पण लेबलवर 'गवती चहा' छापलं तर एवढे पैसे कोण देईल?) वर पळणाऱ्या बाईचं चित्र आणि खाली "ऍक्टिव्ह राहणाऱ्यांसाठी, स्नायू आणि सांध्यांना आराम". आणि बाटलीचा मालक एक मजला खाली कँटीनला जायला लिफ्टची वाट बघत उभा!

तेलाशी माझं काही भांडण नाही. दिवाळीत पहाटे उटण्याआधी अंगाला तेल चोळून घेणारा माणूस आहे मी. भांडण आहे ते 'ऍक्टिव्ह' या शब्दाशी. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून आखडलेली मान म्हणजे ऍक्टिव्ह माणसाचं दुखणं नव्हे. त्यावर त्या नावाने कुणी तेल विकत असेल, तर तो आपल्याला न हलण्याची सोय विकतोय.

आधी नावाचा घोळ. इसेन्शियल ऑईलमधला 'इसेन्शियल' हा 'इसेन्स'वरून आलाय. म्हणजे अर्क, बहुतेकदा वाफेने काढलेला. शरीराला आवश्यक असा त्याचा अर्थ मुळीच नाही. इसेन्शियल अमिनो ऍसिड वेगळं, ते अन्नातून मिळालं नाही तर शरीराचं अडतं. लॅव्हेंडरवाचून आजवर कुणाचा गुडघा अडलेला नाही. 'अरोमाथेरपी' हा शब्दही काही ऋषिमुनींचा नाही. रने-मोरिस गातफॉसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने तो घडवला आणि १९३७ साली त्याच नावाचं पुस्तक काढलं. आपल्याकडचा बाम त्याहून जुना. अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झालं. (खंडाळ्याच्या घाटातला त्या नावाचा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, तेच ते.) बामांमधला नेहमीचा मसाला म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरी, विंटरग्रीन. यातलेच तीन-चार या नव्या बाटल्यांतही असतात. आजीच्या उशाशी असला की बाम, आपल्या डेस्कवर आला की वेलनेस!

आता हे काम कसं करतं ते बघा. मेंथॉल लावल्यावर जो थंडावा वाटतो तो अंग थंड झाल्याचा नसतो. थंडी ओळखणारा एक सेन्सर आपल्या मज्जातंतूंवर असतो, टीआरपीएम८ नावाचा. मेंथॉल तो थेट चालू करतं. खोली तेवढीच गरम, फक्त डिस्प्लेवरचा आकडा बदलला. हा सेन्सर २००२ साली ओळखला गेला आणि त्यामागच्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांना, स्पर्श आणि तापमान शरीराला कसं कळतं यावरच्या कामासाठी, २०२१ चं नोबेल मिळालं. या थंड-गरम सिग्नलच्या गोंगाटात दुखण्याचा सिग्नल मागे पडतो. आपल्या भाषेत, अलर्ट म्यूट केला. बग आहे तिथेच आहे. रात्री झोप लागावी म्हणून कधी म्यूट करायलाही हरकत नाही, पण तेवढ्यावर तिकीट 'रिझॉल्व्हड' म्हणून बंद करायचं नसतं ना राव.

"पण यावर प्रयोग झालेत!" इति एक तेलप्रेमी मित्र. झालेत की. पण लॅव्हेंडरचा वास लपवून डबल ब्लाइंड चाचणी करून दाखव म्हणावं. आपल्याला काय मिळालंय ते नाकाला कळतंच. शिवाय पुष्कळदा तेल नुसतं लावत नाहीत, चोळतात. मग गुण हाताचा की वासाचा? मालिशने व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी होतं हे चाचण्यांत दिसलेलं आहे. त्याला खोबरेलही चालतं.

बरं, दुखणं म्हणजे तरी काय, सगळं एकच असतं का? रविवारी सिंहगड केलात, आतकरवाडीतून चढून परत खाली. मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना मांड्या बोंब मारतात. लगेच कुणीतरी ज्ञान पाजळतं, "लॅक्टिक ऍसिड साठलंय, तेल लाव, निघून जाईल." अरे बाबा, ते लॅक्टेट तुम्ही पुण्यात परत यायच्या आत रक्तातून साफ झालेलं असतं. मंगळवारी ते कुठून येणार? खरी गोष्ट अशी की उतार उतरताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकसारखा जोर लावत असतो. त्यात त्याला सूक्ष्म इजा होते आणि ठणका एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतो. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हे उशिरा येणारं दुखणं १९०२ सालीच नोंदवून ठेवलंय. ते आपलं आपण जातं. आणि दोन-तीन आठवड्यांत तोच गड पुन्हा केलात तर बरंच कमी दुखतं, कारण स्नायू तयार झालेला असतो. म्हणजे सिंहगडावरचा उतारा सिंहगडच! तो दहा मिलीच्या बाटलीत कसा भरणार? (गडावरची भजी आणि मडक्यातलं दही हे साइड इफेक्ट.)

दुसरं दुखणं आपल्या जातीचं, बसून बसून येणारं. त्यावर डब्ल्यूएचओची २०२० ची शिफारस आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. दीडशे मिनिटं म्हणजे रोज बावीस मिनिटंसुद्धा नाहीत. स्टँडअप मीटिंग याहून लांबते.

"पण मालीश ही तर आपली परंपरा!" हो ना, पण ती पूर्ण घ्या की मग. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान आधी शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, लाल मातीत लढतो आणि मग अंग रगडून घेतो. आपण जोर वगळले, बैठका वगळल्या, माती तर वगळलीच, आणि तेल तेवढं ठेवलं.

इथवर चेष्टा झाली. पुढचं मात्र चेष्टेचं नाही. माझ्या मामांना कृत्रिम झडप बसवलेली आहे, त्यामुळे वॉरफरिन कायमचं चालू. गुडघे दुखतात म्हणून एका नातेवाइकाने त्यांना 'जॉइंट केअर'चा गिफ्ट सेट दिला. 'शंभर टक्के नैसर्गिक', म्हणून मामी सकाळ-संध्याकाळ चोळायच्या आणि वरून गरम पाण्याची पिशवी. मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात विंटरग्रीन. म्हणजे आपलं गंधपुरा तेल. ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ऍस्पिरिनच्याच कुळातलं. त्वचेतून ते रक्तात जातं, शेक दिला की आणखी जास्त जातं आणि वॉरफरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतं. डॉक्टरांनी ऐकल्या ऐकल्या ते बंद करायला लावलं आणि रक्ताची तपासणी लवकर करून घेतली. सुदैवाने वेळेत कळलं. शुद्ध गंधपुरा तेलाचा एक चमचा पोटात गेला तर ऍस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्या घेतल्यासारखं होतं. घरात लहान मूल असेल तर ही बाटली उंचावर ठेवा. कापूरही तसाच, पोटात गेला तर पोरांना झटके येऊ शकतात.

नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे आपल्यासारखी बारावीला केमिस्ट्री घोकलेली मंडळी कशी काय गिळतात? रेणू पानातून आला की कारखान्यातून, हे रक्ताला कळत नाही.

मामांच्या गुडघ्याचं पुढे काय झालं? फिजिओथेरपिस्ट बाईंनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाय सरळ उचलणं, थोडं थोडं चालणं. गुडघ्याच्या झिजेवर ब्रिटनच्या 'नाइस'ची २०२२ ची मार्गदर्शक सूचनाही व्यायामालाच आधी ठेवते. पहिले पंधरा दिवस मामा करवादले. आता बाजारात पिशवी घेऊन चालत जातात.

आणि एक. पाठीतून पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लटकं पडत असेल, तर कृपया पेपरमिंट हुंगत बसू नका. डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा जातोय असं वाटलं तर त्याच रात्री.

राहता राहिल्या आपल्या कंपन्या. गेल्या महिन्यात आमच्याकडे 'वेलनेस फ्रायडे' झाला. लॉबीत तेलांचा स्टॉल, पाच मिनिटं मानेला मालीश फुकट, सेल्फी पॉइंट वगैरे. ज्या जागी स्टॉल लागला तिथे पूर्वी टीटीचं टेबल होतं, ते 'जागा नाही' म्हणून काढलं. आणि त्याच शुक्रवारी रात्री साडेनऊला क्लायंट कॉल, म्हणजे पुन्हा दीड तास खुर्चीत! मान दुखायची कारणं कंपनीने द्यायची आणि तेल आपण आपल्या पगारातून घ्यायचं, वा रे वेलनेस.

फीडबॅक फॉर्मवर मी लिहून आलोय: टीटीचं टेबल परत आणा, जिन्याच्या दाराचं कुलूप काढा (हो, कुलूप आहे, सिक्युरिटीसाठी म्हणे!) आणि रात्रीचा कॉल आठवड्यातून दोनदाच ठेवा. अजून उत्तर नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.