धर्माची गाय आणि तिचे दात

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ ही म्हण आपल्याकडे फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे. ओपन सोर्सच्या जगात ती वेगवेगळ्या वेषांत भेटते. लिनक्सबद्दल, लिब्रेऑफिसबद्दल कोणी जरा कुरकुर केली की लगेच कोणीतरी म्हणतं, "फुकट आहे ना? मग?" किंवा, "नाही आवडत तर नको वापरूस." आणि सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे, "सोर्स कोड उघडा आहे, कर की दुरुस्त!"

मला हे अजिबात पटत नाही. या गायीचे दात मोजलेच पाहिजेत. एक तर ती एकट्या माझ्या गोठ्यात बांधलेली नाही, तिचं दूध सगळं गाव पितं. आणि दुसरं म्हणजे, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सगळे दात दिसतच नाहीत. त्याच्याकडे तुमचा प्रिंटर नसतो, तुमची लिपी नसते, तुमच्या ऑफिसातलं बाबा आदमच्या काळातलं नेटवर्क नसतं. तेव्हा टीका करावी की नाही हा वाद मी घालणारच नाही. कशी करावी, एवढंच बोलू.

आता पुणेकराला टीका कशी करावी हे सांगायला जाणं म्हणजे जरा अतिच झालं. ज्या गावात दारावरच्या पाटीतच तीन ओळींत पाहुण्याचा पाणउतारा होतो, तिथे कोण कोणाला शिकवणार! पण गंमत अशी की पुणेरी टोमणा समोरच्याचं तोंड बंद करायला असतो. इथे तर समोरच्याने बोलावं, चार प्रश्न विचारावेत आणि रविवारी सकाळी उठून आपलं काम करून द्यावं अशी आपली अपेक्षा असते. टोमणा कितीही फर्मास असला तरी त्याने हे होत नाही.

आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. "लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही." हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलोय. ते खोटं नव्हतं, काही कोपऱ्यांत आजही खरं निघेल. पण तक्रार म्हणून त्याचा उपयोग शून्य. का ते बघा.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना जेवायला बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना जेवण करायला बोलावणं वेगळं. हा जो पापणीसारखा आडवा अर्धा र आहे, तो हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर टाकायचं. ही दुसरी रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. त्यामुळे वेगवेगळ्या लोकांनी टाईप केलेल्या फाईलमध्ये ‘पुढाऱ्यांनी’ शोधायला गेलात की काही पुढारी सापडतात आणि काही गायब असतात. (पुढाऱ्यांच्या बाबतीत हे तसं वास्तवाला धरूनच आहे म्हणा.)

शिवाय एक अक्षर पडद्यावर येईपर्यंत त्याला कितीतरी जणांचे हात लागतात. फॉन्ट एकाचा. कुठल्या अक्षराचं कुठलं चित्र कुठे जोडायचं हे ठरवणारं इंजिन दुसऱ्याचं. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ करतं. २००० च्या दशकात तर ग्नोमचं पँगो वेगळं, केडीईच्या खालचं क्यूटी वेगळं, ओपनऑफिसचं आयसीयू वेगळं. एकच ओळ या खिडकीत बरोबर आणि शेजारच्या खिडकीत मोडकी, असला प्रकार. आता सांगा, ‘मराठी नीट दिसत नाही’ ही तक्रार यातल्या कोणाच्या दारात नेऊन टाकायची?

त्याऐवजी असं लिहा. उबुंटूची अमुक आवृत्ती, लिब्रेऑफिसची तमुक आवृत्ती, फॉन्ट लोहित देवनागरी. ‘दऱ्या’ टाईप केलं, अक्षरं सुटी दिसली. तोच शब्द, तोच फॉन्ट, फायरफॉक्समध्ये मात्र बरोबर. सोबत स्क्रीनशॉट आणि एका शब्दाची फाईल. बास! यातल्या फायरफॉक्सच्या एका वाक्याने फॉन्टवरचा संशय बराचसा मिटतो आणि कोणाचे तरी दोन तास वाचतात. अजून एक गोष्ट, जी आपण हमखास विसरतो. वाचणारा माणूस बर्लिनमध्ये नाहीतर टोरांटोमध्ये बसलेला असतो आणि त्याला देवनागरीचा गंध नसतो. त्याला मोडका शब्द आणि बरोबर शब्द दोन्ही सारखेच नक्षीदार दिसतात. म्हणून कसं दिसायला हवं त्याचंही चित्र जोडा, अगदी छापील पुस्तकातल्या ओळीचा फोटो काढून जोडलात तरी चालेल.

लोहितचंच बघा. रेड हॅटने २००४ मध्ये हे फॉन्ट जीपीएलखाली खुले केले, २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले आणि त्यांच्यावर इथे पुण्यातल्या इंजिनियरांनीही काम केलंय. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. एखाद्या फॉन्टबद्दल ‘ल विचित्र दिसतो’ असं कळवलंत तर कोणीही म्हणेल, देवनागरी आहे की, विचित्र काय त्यात? पण महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेबद्दल निर्णय काढला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. तो शासन निर्णय जोडलात की वाद संपला. तुमच्या आवडीनिवडीचा विषय उरत नाही.

भाषांतराला नावं ठेवणं हा तर आपला आवडता उद्योग. फायरफॉक्सचा किंवा ग्नोमचा मराठी मेनू लावायचा, त्यातला एखादा जडजंबाल शब्द शोधायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा आणि खो खो हसायचं. हसायला माझी ना नाही, काही शब्द खरंच तसे असतात. पण भाषांतर करणाऱ्यासमोर काय असतं ते एकदा बघा. पुष्कळदा त्याच्यासमोर मेनू नसतोच, एका खाली एक सुट्या शब्दांची यादी असते. त्यात ‘ओपन’ असा शब्द येतो. आता हे ‘उघडा’ आहे, ‘उघडी’ आहे की ‘खुला’? बटण आहे की फाईलची अवस्था? इंग्रजीला काही फरक पडत नाही, मराठीला पडतो. तुम्ही तो शब्द प्रत्यक्ष पडद्यावर, बटणावर बघताय. त्यामुळे "अमुक मेनूतल्या तिसऱ्या ओळीत ‘उघडी’ आलंय, ते बटण आहे, ‘उघडा’ हवं" एवढं तुम्हीच सांगू शकता. हे शब्द सगळीकडे सारखे असावेत म्हणून २००८ मध्ये फ्यूएल नावाचा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे वाद घालायला रीतसर जागासुद्धा होती. तिथे किती जण गेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किती हसले, हा हिशोब नकोच.

आता ‘कर की दुरुस्त’वाल्यांकडे वळतो, कारण त्यांचंही चुकतंच. एनव्हीडीए हा फुकट आणि खुला स्क्रीन रीडर २००६ पासून आहे आणि अंध माणसं त्यावर नोकऱ्या करतात, परीक्षा देतात. त्यासोबत ईस्पीक एनजी हा आवाज येतो, त्यात मराठीही आहे. मराठीत ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच, फरक फक्त कानाला कळतो. असा आवाज कुठे चुकला तर ते पकडणार कोण? जो दिवसभर तो ऐकतो तोच. त्याला सी येत नसेल, गिट म्हणजे काय हे माहीत नसेल. "पॅच पाठवा" हे त्याला दिलेलं उत्तर उद्धट तर आहेच, पण मूर्खपणाचंही आहे. त्याने वीस शब्दांची यादी दिली, प्रत्येकापुढे उच्चार कसा हवा ते सांगितलं, तर ते पॅचइतकंच मोलाचं काम आहे.

पण आपली, म्हणजे आयटीवाल्यांची गोष्ट वेगळी. आपल्याला सी येतं, गिटही येतं, पगारही मिळतो. हिंजवडीतल्या कुठल्याही प्रोजेक्टची डिपेंडन्सी लिस्ट उघडा, निम्म्याहून जास्त माल या धर्माच्या गायीचाच निघेल. आणि तक्रारीची भाषा मात्र क्लायंटने आपल्याला झापावं तशी. ‘अर्जंट’, ‘प्रॉडक्शन डाऊन आहे’, ‘सोमवारपर्यंत ईटीए द्या’, ‘काइंडली डू द नीडफुल’. मी एका कंपनीत असताना एका छोट्या लायब्ररीच्या लेखकाला मॅनेजरच्या सांगण्यावरून रोज एक ‘एनी अपडेट?’ जायचं. तो लेखक आमचा नोकर नव्हता, व्हेंडर नव्हता, त्याला आम्ही एक रुपया दिला नव्हता. ज्याच्याशी करार नाही त्याला एसएलए कसला लावता?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं भगदाड सापडलं. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये कर्लचा लेखक डॅनियल स्टेनबर्ग याला एका बड्या अमेरिकन कंपनीचं पत्र आलं. तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, आमच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या, असा त्याचा सूर. कर्ल सी मध्ये लिहिलेलं, लॉगफोरजे जावामधलं. दोघांचा काडीचा संबंध नाही. त्याने थंडपणे कळवलं की सपोर्टचा करार करा, मग आनंदाने उत्तरं देतो. मला हे उत्तर फार आवडलं. अलीकडे त्याला वेगळाच त्रास आहे. एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला अगदी नीटनेटके पण आतून पोकळ असे सिक्युरिटी रिपोर्ट. म्हणजे आवृत्ती, पायऱ्या, सगळं रीतसर, फक्त कोणी काही चालवून बघितलेलंच नाही. गायीजवळ न जाताच दात मोजल्यासारखं झालं हे.

कंपन्यांना घाई असेल तर रस्ता आहे. पैसे द्या, नाहीतर आपला एक इंजिनियर महिन्यातून दोन दिवस तिकडे द्या. आपल्याकडे झीरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, दरवर्षी १० लाख डॉलर्स जगभरच्या अशा प्रकल्पांना द्यायचे म्हणून. बाकीच्या भारतीय कंपन्यांनी यातून काही घेतलं तर बरं होईल. मी काही फार आशेवर नाही.

तगाद्याने काय होऊ शकतं त्याचं एक्सझेडपेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. एक्सझेड ही फाईल दाबून लहान करणारी लायब्ररी, बहुतेक प्रत्येक लिनक्समध्ये असते. सांभाळणारा एकटा, फिनलंडचा लासे कॉलिन. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याच्यामागे भुणभुण सुरू झाली. कामाचा वेग कमी आहे, तुला जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपव, वगैरे. त्यातल्या एका खात्याचं नाव चक्क जिगर कुमार! त्या बिचाऱ्याने सांगितलं की मानसिक आरोग्याच्या दीर्घ त्रासामुळे माझी शक्ती कमी पडतेय आणि हा बिनपैशाचा छंद आहे हेही लक्षात घ्या. तरी भुणभुण थांबली नाही. शेवटी मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या माणसाकडे त्याने अधिकार दिले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच माणसाने चोरदरवाजा घातला होता. भुणभुण करणारी ती खाती बनावट असावीत आणि त्याच कटाचा भाग असावीत असा अनेक जाणकारांचा तर्क आहे. मला जास्त बोचतं ते असं की ती बनावट आहेत हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? खरे युजर्ससुद्धा त्याच भाषेत बोलतात.

आणि पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड, मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर, पोस्टग्रेसवर काम करणारा. त्याचीही तक्रारच होती. एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. आपल्यापैकी कोणीही "हल्ली स्लो झालंय" म्हणून चहाला गेलो असतो. त्याने वेळ मोजला, सीपीयू कुठे जातोय ते बघितलं, मागे मागे जात एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं पुराव्यासकट जाहीर केलं.

एक राहिलं. सगळ्याच तक्रारी बग नसतात. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, खिडकीवरचं मिनिमाइजचं बटण गेलं, आणि जगभर बोंबाबोंब झाली. लिनस टोरवाल्ड्ससुद्धा उखडला. पण तो बग नव्हता, ग्नोमवाल्यांनी विचार करून घेतलेला निर्णय होता. अशा वेळी एकदा नीट सांगावं, आपलं काम त्याने कसं अडतंय ते लिहावं आणि थांबावं. त्याच बटणावरून चाळीस वेळा भांडून काही होत नाही. ज्यांना खरंच पटलं नाही त्यांनी त्याच वर्षी माटे आणि सिनॅमन उभे केले. तुम्ही वापरता ते लिब्रेऑफिसही २०१० मध्ये असंच ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं आहे.

असो. या रविवारी अर्धा तास मोकळा असेल तर एक करून बघा. लिब्रेऑफिसमध्ये ‘दऱ्याखोऱ्यांतून वऱ्हाडकऱ्यांनी’ एवढं टाईप करा, पीडीएफ काढा, तो उघडून तीच ओळ कॉपी करा आणि दुसरीकडे पेस्ट करा. जशीच्या तशी आली तर उत्तम. नाही आली, तर आधी बगझिलामध्ये शोधा, कोणीतरी नोंदवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. असेल तर तिथेच खाली तुमची आवृत्ती, तुमचा फॉन्ट आणि तुमची फाईल जोडा. ‘माझ्याकडेही होतंय’ एवढंच लिहून निघून येऊ नका.